रेवाचं हसू कुठे अडलं

एक होता माठ. माठाखाली होती तिवई. तिवईखाली होती ओल. आणि त्या ओलीत राहायची एक बेडकुली.

केवढी होती?

नखाएवढी. अंगठ्याच्या नखाएवढी नाही हं. करंगळीच्या.

माठ होता शकूमावशीच्या घरात. घरात शकूमावशी एकटीच. एक ताट, एक उशी, एक छत्री. पण रविवारी पाच वाजले, की मावशी केस विंचरायची. पावडर लावायची. आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायची.

कॉम्प्युटर वाजायचा. टुंई टुंई.

पडद्यावर यायची रेवा.

रेवा म्हणजे मावशीच्या धाकट्या बहिणीची लेक. राहायची लांब. किती लांब? इकडे संध्याकाळचा चहा, तेव्हा तिकडे सकाळचं दूध. इतकं लांब.

एका रविवारी काय झालं, बेडकुली चुकून टेबलावर चढली. टुणुक.

मावशी म्हणाली, "शुक शुक. उतर ग खाली."

पण रेवाने तिला पाहिलं. रेवा हसली. खुदूखुदू.

तेव्हापासून ते ठरूनच गेलं. दर रविवारी बेडकुली मारायची तीन उड्या. टुणुक, टुणुक, टुणुक. रेवा हसायची तीनदा. खुदूखुदू, खुदूखुदू, खुदूखुदू.

ते हसू काचेतून यायचं. बेडकुलीच्या पोटात जाऊन बसायचं. पुढच्या रविवारपर्यंत पुरायचं.

आणि मग एका रविवारी हसू आलंच नाही.

रेवा आली. हसायला तोंड उघडलं. आणि तोंड तसंच राहिलं. उघडंच. रेवा हलेना. रेवा बोलेना. पडद्यावर एक पांढरी बांगडी फिरायला लागली. गरगर गरगर.

"हॅलो," मावशी म्हणाली. "हॅलो, दिसतंय का ग? ऐकू येतंय का?"

गरगर गरगर.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच.

मावशीने सगळं करून पाहिलं. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. वायर काढली, वायर खोचली. वरून हळूच एक चापट मारली. मग वाईट वाटलं, म्हणून हळदकुंकू लावलं.

गरगर गरगर.

चौथ्या रविवारी मावशीने केस विंचरले. पण पावडर लावली नाही. पाच वाजले. टुंई टुंई. रेवा आली, तोंड उघडलं, आणि आली ती बांगडी. गरगर गरगर.

मावशी उठली. खिडकीपाशी जाऊन बसली. कापूस घेतला, वाती वळायला लागली.

"आज काही येत नाही वाटतं," ती म्हणाली.

कुणाला म्हणाली? कुणालाच नाही.

बेडकुलीच्या पोटातलं हसू तर केव्हाच संपलं होतं. पोट कसं आत गेलं होतं. तिला डास नको. तिला माशी नको. तिला हवं होतं रेवाचं हसू.

"बसून कसं चालेल?" बेडकुली म्हणाली. "मी जाते. माझं हसू कुठे अडलंय ते बघते."

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक. टेबलावर चढली. पडद्यासमोर बसली.

"पडदेदादा, पडदेदादा, रेवाला दाखव ना.
रेवा हसेना,
मला काही करमेना."

पडदा म्हणाला, "मी कसं दाखवू? डबा जे धाडतो, तेच मी दाखवतो. टेबलाखाली काळा डबा आहे ना, त्याला सांग. डबा पळेल, तर मी दाखवीन."

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक.

टेबलाखाली बसला होता डबा. बसला होता, पण दिसत नव्हता. डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेऊन बसला होता. बेडकुली खालच्या फटीतून आत शिरली. आत अंधार. आत उकाडा. आत डबा करत होता घूं घूं, घूं घूं.

"डबेभाऊ, डबेभाऊ, जरा पळ ना.
पडदा दाखवेना,
रेवा हसेना,
मला काही करमेना."

डबा म्हणाला, "हुश्श. मी कसा पळू? अंग बघ किती तापलंय. चार पावलं गेलो की धाप लागते. माझ्या पाठीवर पंखा आहे, त्याला सांग. पंखा फिरेल, तर मी पळेन."

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक.

पाठीवर बसला होता पंखा. पुरीएवढा गोल. थोडासा फिरायचा, थांबायचा. थोडासा फिरायचा, थांबायचा.

"पंखेराव, पंखेराव, जोरात फिर ना.
डबा पळेना,
पडदा दाखवेना,
रेवा हसेना,
मला काही करमेना."

पंखा म्हणाला, "मी कसा फिरू? नाकातोंडात लोकर गेली माझ्या. वारा घ्यायला जागा तरी आहे का? आधी या खोळीला सांग. खोळ हटेल, तर मी फिरेन."

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक. फटीतून बाहेर आली. वर बघितलं.

अहाहा, काय ती खोळ. लाल लोकरीची. वर पिवळी फुलं. कडेला झालर. मावशीने डब्याला अंगरखाच शिवला होता म्हणा ना.

"खोळताई, खोळताई, बाजूला हट ना.
पंखा फिरेना,
डबा पळेना,
पडदा दाखवेना,
रेवा हसेना,
मला काही करमेना."

खोळ म्हणाली, "माझी फुलं मोजलीस का? एकवीस आहेत. रेवा दिसते तो कॉम्प्युटर, म्हणून मावशीने मागच्या महिन्यात रात्रंदिवस खपून विणलीत. हटायचं म्हणतेस? हटेन की. पण मला बांधलंय बघ इथे, गळ्याशी. गाठीला सांग. गाठ सुटेल, तर मी हटेन."

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक.

गाठ होती बोराएवढी. घट्ट. आणि तोंड वाकडं करून बसलेली.

"गाठबाई, गाठबाई, जरा सुट ना.
खोळ हटेना,
पंखा फिरेना,
डबा पळेना,
पडदा दाखवेना,
रेवा हसेना,
मला काही करमेना."

गाठ म्हणाली, "नाही."

बेडकुली म्हणाली, "असं काय ग?"

गाठ म्हणाली, "आपली आपण सुटेन, तर मी गाठ कसली? मावशीने मारलीय, मावशीला सांग. मावशी सोडेल, तर मी सुटेन."

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक.

मावशी खिडकीत बसली होती. वाती वळत होती. एक वात, दुसरी वात, तिसरी वात. डोळे मात्र बाहेर. बाहेर काय होतं? काही नव्हतं. एक रिकामी दोरी होती, कपडे वाळत घालायची.

"मावशी, मावशी, गाठ सोड ना.
गाठ सुटेना,
खोळ हटेना,
पंखा फिरेना,
डबा पळेना,
पडदा दाखवेना,
रेवा हसेना,
मला काही करमेना."

मावशीने वात खाली ठेवली.

"तुलाही करमेना का ग?" ती म्हणाली. "पण गाठ नाही हं सोडायची. धूळ गेली आत, तर आहे तेही बंद पडेल. मग रेवा अर्धी दिसते, तीसुद्धा दिसायची नाही. समोरच्या पुष्पाने मला बजावून सांगितलंय, झाकून ठेवा, झाकून ठेवा. पुष्पाला यातलं कळतं. पुष्पा येऊन सोड म्हणेल, तर मी सोडीन."

"मग बोलाव ना पुष्पाकाकूला."

मावशीने कापूस उचलला. पुन्हा वात वळायला लागली.

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक. उंबरा ओलांडला. समोरच्या दारात गेली.

समोर राहायची पुष्पाकाकू. तिच्या घरात फ्रिजला खोळ. मिक्सरला खोळ. टीव्हीला खोळ. गॅसच्या टाकीलासुद्धा खोळ, झालरीची. काकू दारातच उभी होती. ती नेहमी दारातच उभी असायची.

"काकू, काकू, आमच्याकडे ये ना.
मावशी सोडेना,
गाठ सुटेना,
खोळ हटेना,
पंखा फिरेना,
डबा पळेना,
पडदा दाखवेना,
रेवा हसेना,
मला काही करमेना."

काकू खाली वाकली. "कोण ग तू? शकूताईंच्या माठाखालची ना? आज भाजी कसली केली होती त्यांनी? फोडणीचा वास नाही आला. कालही नाही. परवाही नाही. मला काय करायचंय म्हणा."

"काकू, ये ना."

"अग, मी कधीची येईन. पण येऊ कशी? महिना झाला, वाटीभर साखरभात दिला होता त्यांना. वाटी अजून तिकडेच. आता गेले, तर त्यांना वाटेल, पुष्पा वाटी मागायला आली. बरं दिसतं का ते? वाटी येईल, तर मी येईन."

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक. परत आपल्या घरी. स्वयंपाकघरात. ओट्यावर.

ओट्यावर होती वाटी. घासलेली, पुसलेली, लखलखीत. पण पालथी. चार रविवार पालथीच होती.

"वाटीताई, वाटीताई, काकूकडे जा ना.
काकू येईना,
मावशी सोडेना,
गाठ सुटेना,
खोळ हटेना,
पंखा फिरेना,
डबा पळेना,
पडदा दाखवेना,
रेवा हसेना,
मला काही करमेना."

वाटी म्हणाली, "रिकामी जाऊ? शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत करतं का? मावशी रोज मला हातात घेते. म्हणते, शिरा करू, खीर करू, पुष्पाला देऊ. मग म्हणते, उद्या करू. आणि मला पुन्हा पालथी घालते. माझ्यात काही पडेल, तर मी हलेन."

आता काय करायचं?

बेडकुलीने साखरेचा डबा बघितला. झाकण घट्ट. गुळाची बरणी बघितली. फळीवर, उंच. पोहे बघितले. पिशवीला चिमटा. बेडकुलीने उडी मारली. पुन्हा मारली. पुन्हा मारली. फळी लांबच राहिली.

बेडकुली दमली. माठाखाली आली. आपल्या ओलीत बसली. डोळे मिटले. डोळे मिटले, तरी रेवाचं उघडं तोंड दिसत होतं. हसायला उघडलेलं. हसू नसलेलं.

तेवढ्यात तिला दिसली मुंगी.

मुंगी निघाली होती तुरुतुरु तुरुतुरु. तोंडात होता एक दाणा. साखरेचा.

पण माठ ठिबकत होता. टप टप. माठासमोर पाणी सांडलं होतं. मुंगी पाण्याच्या काठाशी थांबली. इकडे गेली तुरुतुरु. तिकडे गेली तुरुतुरु. पुन्हा थांबली.

"मुंगूताई, मुंगूताई, दाणा दे ना.
वाटी हलेना,
काकू येईना,
मावशी सोडेना,
गाठ सुटेना,
खोळ हटेना,
पंखा फिरेना,
डबा पळेना,
पडदा दाखवेना,
रेवा हसेना,
मला काही करमेना."

मुंगीने दाणा खाली ठेवला. धरून ठेवला, पायाने.

"तुला करमेना, तर मला करमतं का?" मुंगी म्हणाली. "माझं घर पलीकडे. माझी बाळं पलीकडे. सकाळपासून त्यांचा आवाज ऐकते आहे, आणि मध्ये हा समुद्र. मला पलीकडे कोण नेणार?"

बेडकुलीने पाण्याकडे बघितलं. समुद्र कुठे होता? ते तर तिचं अंगण होतं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "बस माझ्या पाठीवर."

मुंगी पाठीवर बसली. दाणा घेऊन. डोळे घट्ट मिटून.

टुणुक.

"झालं?" मुंगीने विचारलं.

"झालं."

पलीकडे भिंतीला भोक होतं. भोकातून बारीक बारीक आवाज येत होते. मुंगीने दाण्याकडे बघितलं. भोकाकडे बघितलं. आणि दाणा बेडकुलीच्या पुढ्यात सरकवला.

"घे. मी आले, एवढं त्यांना पुरेल," ती म्हणाली. आणि पळाली घरात. तुरुतुरु तुरुतुरु.

निघाली बेडकुली. टुणुक टुणुक. दाणा नेला ओट्यावर. वाटी झाली उताणी. दाणा पडला वाटीत. टिंग.

वाटी हलली. वाटी निघाली. ओट्यावरून पाटावर, पाटावरून जमिनीवर. ठण्ण. दाणा सांडला का? नाही सांडला. उंबऱ्यावरून पलीकडे. खर्र खर्र, खर्र खर्र. थेट काकूच्या पायाशी.

काकूने वाटी उचलली. आत बघितलं. बोट फिरवलं. चाटून बघितलं.

"साखर," काकू म्हणाली. "एक दाणा. एक तर एक. रिकामी नाही ना आली."

आणि काकू निघाली. चपला न घालताच.

"शकूताई, आहात का?"

"ये ग पुष्पा, ये. बस."

"मला वाटलं, रुसलात."

"रुसते कशाला. तुझी वाटी भरायला काही करावंसंच वाटेना. रेवा दिसत नाही ग. आज चौथा रविवार."

"आणि हे मला आज सांगता? दारात उभी राहून राहून पायाचे तुकडे पडले माझे. काय झालं, काय झालं, नुसता विचार करत होते. कुठाय तो कॉम्प्युटर?"

काकू टेबलाखाली वाकली. खोळीवर हात ठेवला. पटकन काढून घेतला.

"अगोबाई. हा तर तवा झालाय. भाकरी भाजून निघेल यावर."

मावशी म्हणाली, "तूच म्हणालीस ना, धूळ चालत नाही, झाकून ठेवा."

काकू गप्प झाली. काकू कधी गप्प होत नसे. त्या दिवशी झाली.

"म्हणाले मी," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडे सगळ्याला खोळ, म्हणून मला वाटलं, यालाही हवी. याला श्वास लागतो, हे कुठे माहीत होतं मला. चुकलं माझं, शकूताई. सोडा ती गाठ."

मावशीने गाठ हातात धरली. सोडली नाही.

"तिच्यासाठी विणली होती ग," ती म्हणाली. "एकवीस फुलं. तिला दुसरं काय देणार मी इथून."

"पण ती दिसायला तर हवी ना?" काकू म्हणाली.

मावशीने मान हलवली.

मग मावशीने काय केलं?

मावशीने गाठ सोडली.
गाठ सुटली. सुर्र.
खोळ हटली. फप्प.
पंखा फिरला. भिर्र भिर्र. नाकातली लोकर उडाली, काकूच्या केसांत जाऊन बसली.

डबा म्हणाला, "हाऽऽश."

"थांबा जरा," काकू म्हणाली. "गरम आहे अजून." तिने वर्तमानपत्र घेतलं. वारा घातला. मावशीने वारा घातला. बेडकुलीने गाल फुगवून फुंकर घातली. तिघींनी मिळून वारा घातला, म्हणून डबा निवला.

डबा निवला. डबा पळाला.
पडद्यावरची बांगडी फिरली, गरगर. मग हळू फिरली, गर... गर... मग गेलीच.

आणि पुन्हा वाजलं.

टुंई टुंई.

पडद्याने दाखवली रेवा.

खरीखुरी रेवा. हलणारी. बोलणारी. ओठावर दुधाची मिशी असलेली. शेजारी तिची आई. आई म्हणत होती, "अक्का, दिसतेस ग तू. नीट दिसतेस."

मावशी पडद्याजवळ सरकली. तिने पदराने चष्मा पुसला. पुन्हा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

काकूच बोलायला लागली. "बाळ, दूध संपवलंस का? आई ओरडते का ग तुला? मागे ते निळं कपाट नवीन घेतलं वाटतं?"

बेडकुली टेबलावर चढली. पडद्यासमोर गेली. मधोमध बसली. आणि मारल्या तिने तीन उड्या.

टुणुक.
टुणुक.
टुणुक.

रेवा बघत राहिली.

रेवा हसली नाही.

बेडकुलीने पुन्हा एक उडी मारली. टुणुक. जरा उंच.

रेवाने डोळे मोठे केले. पण हसली नाही.

बेडकुली थांबली. चार रविवार म्हणजे किती? मावशीला खूप. बेडकुलीला तर खूपच खूप. आणि रेवा तर एवढीशी. विसरली असेल का?

रेवा खुर्चीवरून उतरली. आणि नाहीशीच झाली. पडद्यावर नुसती खुर्ची राहिली. रिकामी.

"गेली वाटतं," मावशी म्हणाली.

बेडकुली काचेला चिकटून बसली.

आणि मग खुर्चीच्या मागून वर आले थोडे केस. केस आले आणि गेले.

मग आलं कपाळ. आलं आणि गेलं.

मग आलं नाक, दुधाची मिशी आणि दोन हात. आलं आणि गेलं.

रेवा उड्या मारत होती.

"कधी ग शिकली ही?" मावशीने विचारलं.

"याच महिन्यात," तिची आई म्हणाली. "घरभर तेच चाललंय. तुला दाखवायचं म्हणून दर रविवारी वाट बघत बसते, आणि तू आपली तोंड उघडून थांबलेली."

"मीसुद्धा?" मावशी म्हणाली.

"तूसुद्धा."

मावशी हसली. चार रविवारांत पहिल्यांदा.

रेवा खुर्चीच्या पुढे आली. बेडकुलीकडे बघितलं. खाली बसली, अगदी बेडकुलीसारखी, गुडघे फाकवून, हात जमिनीला टेकून.

रेवाने मारली उडी. बेडकुलीने मारली उडी.
रेवाने मारली दुसरी. बेडकुलीने मारली दुसरी.
तिसरी दोघींनी मिळून मारली.

टुणुक.

रेवा धपकन बसली. आणि हसली.

खुदूखुदू, खुदूखुदू, खुदूखुदू. तीनदा नाही, तेराला गेलं तरी थांबेना. चार रविवारांचं साठलेलं हसू सगळं एकदम आलं. काचेतून आलं, टेबलावरून आलं, आणि बेडकुलीच्या पोटात जाऊन बसलं. पोट कसं गोल झालं. टम्म.

थोड्या वेळाने रेवाने हात हलवला. तिला न्हायचं होतं. मावशीने हात हलवला. काकूने दोन्ही हात हलवले. पडदा काळा झाला.

काकू घरी गेली. मावशी शिरा करायला उठली. तूप कढईत पडलं, घरभर वास सुटला.

बेडकुली मात्र बसून राहिली. काळ्या काचेला पोट लावून. काच अजून कोमट होती. पलीकडे कुणी नव्हतं. तरी ती जरा वेळ बसलीच.

मग उतरली. टुणुक टुणुक. पण सावकाश, पोटातलं हसू सांडू नये म्हणून. माठाखाली गेली. ओलीत बसली.

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार.

पुरेल.

बेडकुलीला मिळालं तिचं हसू. मुंगीला मिळाली तिची बाळं. आणि ज्याने गोष्ट ऐकली, त्याने आता उडी मारायची. एकच. टुणुक.